बाळंतिणीचा गिझर

आमचा गिझर अण्णांच्या हातात पेटायचा आणि माझ्या अंगावर विझायचा. चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी पहिल्या बाळंतपणाला बदलापूरला माहेरी आले होते.

अण्णा म्हणजे माझे वडील, दौलतराव. सगळी हयात अंबरनाथच्या एका कारखान्यात बॉयलरवर काढलेली. लेकीच्या न्हाणीला धूर नको म्हणून त्यांनी तांब्याचा बंब माळ्यावर टाकला आणि मोरीत गॅसचा गिझर बसवला. बिल्डिंगमध्ये कुणाची शेगडी रुसली की अण्णांना बोलावणं यायचं, आणि ते हातातला चहा ठेवून धावायचे. "आधी हवा, मग गॅस, मग जाळ," हा त्यांचा मंत्र सगळ्या बिल्डिंगला पाठ होता.

फक्त स्वतःच्या घरात त्यांची डाळ शिजेना. आई दार लावून घ्यायची, बाळाला पायांवर घेऊन तेल चोळायची, मग डाळीचं पीठ लावायची. मी शेजारी पाटावर. थोडं ऊन पाणी येतंय तोच जाळ गायब! आधी बाळ टाहो फोडायचं, मग मी.

बाळंतिणीच्या न्हाणीत पुरुषाने डोकवायचं नाही, हा आईचा कायदा. अण्णा बाहेर येरझाऱ्या घालत राहायचे. आमचं उरकलं की आत येऊन काडी ओढायचे. गिझर शहाण्या मुलासारखा पेटायचा आणि पेटलेलाच राहायचा.

"चालतोय की!"

"तुमच्यापुढे चालतो. मेल्याचा आमच्यावरच दात आहे," आई म्हणायची.

गॅस कमी येतोय, हे अण्णांचं निदान. त्यांनी रेग्युलेटर बदलला, रबरी नळी बदलली, साबणाचा फेस लावून सांधे तपासले. एजन्सीत जाऊन भांडूनही आले. मला तर त्या गिझरपेक्षा त्यांच्या उत्साहाचाच वैताग आला होता.

त्यातच न्हाल्यावर माझं डोकं ठणकायला लागलं. आईचं निदान तयार होतं, "वारा बाधला." बाळाला वारा लागू नये म्हणून ती न्हाणीच्या आधी मोरीच्या खिडकीत गोधडी कोंबायचीच. आता दुसरीही कोंबू लागली, आणि दाराच्या फटीला जुनं लुगडं. न्हाणं झालं की सगळं दोरीवर वाळत. अण्णा आत यायचे तेव्हा खिडकी सताड उघडी असायची. बायकांच्या न्हाणीतल्या गोष्टी पुरुषाला कोण सांगत बसतं!

मग थंडी वाढली. खोबरेल बाटलीत दगडासारखं गोठलं, आणि एका सकाळी मोरीचं पाणी जाईना. रोजचं तेल आणि डाळीचं पीठ बाहेरच्या पाइपात थिजून बसलं होतं. "अहो, मोरी तुंबली!" आई आतून ओरडली.

अण्णांना काम मिळालं. आमचं घर तळमजल्यावर. उकळत्या पाण्याची किटली आणि लोखंडी सळई घेऊन ते मागच्या बाजूला गेले.

आत त्या दिवशी चमत्कार घडला होता. गिझर विझतच नव्हता. कालच भरलेला सिलिंडर लावला होता, त्याचा गुण म्हणून आई खूश. मला गुंगी येत होती. बाळ तर मुळीच रडत नव्हतं. "बघ, कसं गुणी झालंय," आई म्हणाली.

तेवढ्यात बाहेरून अण्णांचा आवाज आला. पाइपात पाणी ओतताना त्यांची नजर वर गेली होती.

"सुंदरा! खिडकीत काय कोंबलंयस?"

"गोधड्या! वारा येतो ना—"

"दार उघड! आधी दार उघड!"

असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. खिडकीच्या काचपट्ट्यांमधून सळई घुसली आणि गोधड्या तुंबलेल्या पाण्यात पडल्या. आईने दार उघडलं. वळसा घालून आलेले अण्णा आईचा कायदा मोडून आत शिरले, गिझर बंद केला आणि तेलकट बाळाला उचलून तसेच अंगणात धावले. मी भिंत धरत मागे. गार वारा लागला, बाळाने एक शिंक दिली आणि मग असा टाहो फोडला, की अण्णा पायरीवर बसून रडायला लागले.

"हवा नाही म्हणून विझत होता गं," ते मला म्हणाले. "रोज विझला म्हणून वाचलात. आज नव्या सिलिंडरच्या जोरावर जळत राहिला, आणि कोंडलेल्या मोरीत त्याचा विषारी वायू साठला."

आई दिवसभर त्या गोधड्या धूत बसली. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "मी माझ्या हातानं..."

"गप," अण्णा म्हणाले. "साऱ्या बिल्डिंगला शिकवत फिरलो. घरात सांगायचं राहिलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गिझर मोरीतून काढून मागच्या भिंतीवर, बाहेर बसवला. आता आत जाळ नाही, गॅस नाही. तरी सव्वा महिना होईपर्यंत अण्णा रोज माझ्या न्हाणीला, पाइपात ओतायच्या पाण्याची किटली घेऊन, खिडकीखाली उभे. आईनेच त्यांच्या खांद्यावर त्या गोधड्यांतली एक टाकली होती. बाहेर थंडी असते, म्हणाली.

"वृंदा, आहेस ना?" ते दर घटकेला विचारायचे.

"आहे हो, अण्णा!" मी वैतागून ओरडायचे.

एकदा तोंडात साबण गेला आणि मला उत्तर देता येईना. बाहेर किटली खाली पडल्याचा आवाज झाला. बाळाला पायांवर घेऊन बसलेल्या आईने मान वर केली आणि उघड्या खिडकीकडे बघून म्हणाली, "आहेत हो. दोघंही आहेत."