फाटकापाशी रोज थांबणारी बस

मी शाळेची पिवळी बस बोलतेय. दचकू नका, हॉर्न वाजवणार नाही. आमच्या हॉल्व्हर गावात सगळ्यांत जास्त ऐकलंय मी आणि सगळ्यांत कमी बोललेयही मीच, तेव्हा आज थोडं ऐकून घ्या.

माझा जन्म दूर दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. तिथं ऊन होतं, गाणी म्हणत पत्रे ठोकणारे कामगार होते. रंग वाळतो न वाळतो तोच मला अमेरिकेच्या पार उत्तरेला, डकोटात धाडलं. पहिल्याच हिवाळ्यात माझ्या टाकीतलं डिझेल गोठलं आणि मी समजून चुकले, की इथं आपले लाड होणार नाहीत.

हॉल्व्हरची माणसं भली, पण मनातलं बोलायला महाकंजूष. वारा, गहू, बर्फ यांवर तासभर बोलतील. मनाचा विषय निघाला की "बरं चाललंय" म्हणत टोपी खाली ओढतील. कुणाच्या घरी दुःख झालं, तर खिमा-बटाट्याची गरमागरम भांडी घेऊन सगळं गाव दारात हजर. भांडं हातात देतात आणि उंबऱ्यावरूनच परततात. पुढं रिकामी भांडी ज्याची त्याला पोचती झाली, की सगळं निभावलं असं धरतात. मला हे कधी पटलं नाही, पण मला विचारतो कोण!

मला चालवायची ती मार्लिस हाउगन. पन्नाशी ओलांडलेली, रुंद खांद्यांची, गालांवर वाऱ्यानं आणलेली कायमची लाली. नवरा देवाघरी गेलेला, मुलगा लांबच्या शहरात. तरुणपणी कॉलेजची पदवी घेतली होती, ती शेतीच्या रगाड्यात कपाटात पडून राहिली. माझ्या गिअरशी ती इतक्या मायेनं वागायची, की तिच्या हातून कधी घरघर म्हणून झाली नाही.

माझ्या तिसऱ्या आसनावर, खिडकीशी, लिनिया बसायची. तेरा वर्षांची पोर. घर गावाबाहेर, लांबच्या लांब कुरणाच्या टोकाला, रस्त्यावर फक्त त्यांचं लाकडी फाटक. ती काचेला कपाळ टेकून बसायची. उतरली की काचेवर एक गोल, तेलकट डाग राहायचा. मार्लिस रोज तो पुसायची आणि म्हणायची, "या पोरीचं डोकं आहे की लोण्याचा गोळा!"

एका दुपारी फाटक आलं. लिनिया उठली, पायरीपर्यंत आली आणि तिथंच घुटमळली.

"मार्लिस, आज तुमच्याबरोबर शेवटपर्यंत येऊ?"

"घरून चिठ्ठी आणलीस का, राणी?"

"नाही."

"मग कसं नेऊ? नियम आहे ना. उद्या चिठ्ठी आण, शेवटपर्यंत फिरवून आणते. वर पेपरमिंटची गोळी."

लिनिया हसली. हसली हे मी नक्की सांगते, कारण मार्लिसनं पुढं किती वेळा स्वतःला तेच विचारलं. मग ती उतरली, फाटकातून आत गेली आणि त्याच संध्याकाळी तिनं आपलं आयुष्य संपवलं.

गावानं भांडी भरून नेली. कुणी काही बोललं नाही. पुढच्या महिन्यात तिच्या आईबापांनी जनावरं विकली, घराला कुलूप लावलं आणि ती दोघं राज्य सोडून गेली.

पण मार्लिस फाटकापाशी थांबत राहिली. अंत्यविधीनंतरच्या पहिल्या सकाळी ती थांबली ती सवयीनं. माझे लाल दिवे लागले, बाजूची थांबा-पाटी बाहेर आली, दार उघडलं. बाहेर नुसता वारा. मागची पोरं चिडीचूप.

आणि माझी पायरी दबली.

अगदी जराशी दबली, दप्तर पाठीवर घेतलेल्या पोरीच्या वजनानं दबते तेवढी. मग तिसऱ्या आसनाची गादी खाली गेली. मी लोखंडाची आहे, मला भास होत नाहीत. मार्लिसनं आरशात पाहिलं आणि पुष्कळ वेळानं दार लावलं. त्यानंतर ती रोज सकाळी थांबली, रोज दार उघडलं. तिथं पायरी मात्र पुन्हा दबली नाही, कारण लिनिया खाली उतरलीच नव्हती. दुपारच्या फेरीला त्या फाटकाशी उतरणारं कुणी नाही, म्हणून मार्लिस तिथून थेट पुढं जायची. सकाळी तिला घ्यायला थांबायचं, दुपारी सोडायला मात्र नाही. हे तिच्या लक्षात आलं नाही, आणि मला सांगता येईना.

आता माझ्या बझरबद्दल सांगते. मुलांना सोडून इंजिन बंद केलं, की माझ्यात एक बझर कोकलायला लागतो. चालकानं पार मागपर्यंत चालत जाऊन तिथलं बटण दाबलं, तरच तो गप्प बसतो. जाताजाता प्रत्येक आसन नजरेखालून जावं, एखादं पोर झोपून राहिलेलं असलं तर दिसावं, म्हणून ही सोय. मार्लिस रोज इमानानं जायची, बटण दाबायची. पण आता बटण दाबलं तरी बझर थांबेना. रिकाम्या गाडीत कितीतरी वेळ कण्हत राहायचा.

ऑरिन मिस्त्रीनं मला चार वेळा उघडलं. "उंदरानं वायर कुरतडली असेल," म्हणाला. उंदीर सापडला नाही. "तुझी बस तुझ्यावरच गेलीय, मार्लिस. एकदा धरलं की सोडायचं नाही."

मार्लिस हसली नाही. "ऑरिन, त्या पोरीला काय विचारायचं असतं ते मला यायला हवं होतं. मी शिकणार आहे. समुपदेशनाची पदव्युत्तर पदवी. ऑनलाइन."

ऑरिननं पाना खाली ठेवला. "या वयात?"

"मग कोणत्या वयात? जवळचा समुपदेशक इथून तीन तासांवर बसतो."

आमच्याकडे फोनला धड सिग्नल मिळतो तो एकाच जागी, चर्चच्या मागच्या टेकाडावर, दफनभूमीच्या कुंपणालगत. सकाळची फेरी झाली की मार्लिस मला तिथं उभी करायची आणि फोनवर कोर्स धुंडाळायची. दफनभूमीत लिनियाचा नवा दगड दिसायचा. मार्लिस त्याच्याकडे पाठ करून बसायची.

कोर्स तरी किती! प्रत्येकाच्या पानावर तेच हसरे चेहरे, तीच हिरवळ. एकदा एका ठिकाणी नुसतं नाव टाकलं, तर तिथला ब्रेडन नावाचा पोरगा जळवेसारखा चिकटला.

"मॅडम, आमच्याकडे सगळी व्याख्यानं रेकॉर्ड केलेली! कुठं जायचं नाही, यायचं नाही. कुणाचं तोंडसुद्धा बघावं लागणार नाही!"

"मला बस सोडावी लागेल का?"

"छे छे! बसमध्ये बसूनच शिका!"

मार्लिसचा चेहरा असा उजळला, की मला कसंसंच झालं. तिला काय हवंय ते मला कळलं होतं. तिला शिकायचं होतं आणि त्या फाटकापाशीही थांबायचं होतं.

ऑरिननं मात्र नको तिथं बोट ठेवलं. "ते झाल्यावर राज्य तुला परवाना देईल का? परवान्याशिवाय कुणाच्या पोराशी बोलायला बसवतील तुला?"

तिनं ब्रेडनला विचारलं. "ते तुमच्या राज्यावर अवलंबून आहे, मॅडम. पण तुमची आंतरिक वाढ नक्की होईल!"

"वाढ पुरे झाली रे बाबा. स्टीअरिंगमागं मावेना झालेय," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

ऑरिन पोट धरून हसला. "भिंतीवर टांगायलाच काही हवं असेल, तर माझ्याकडे ट्रॅक्टरवाल्यांचं कॅलेंडर आहे, घेऊन जा."

दुसरा कोर्स आपल्याच राज्यातल्या कॉलेजचा होता. ऑनलाइनच, पण आठवड्यातून दोन संध्याकाळी पडद्यावर समोरासमोर वर्ग, मध्ये काही दिवस तिथं जाऊन राहायचं, आणि शेवटी प्रत्यक्ष माणसांसमोर बसून ऐकायचा भरपूर सराव, परवानाधारक समुपदेशकाच्या नजरेखाली. परवाना मिळणार होता. सरावाला आमच्याच शाळेत जागा द्यायला मुख्याध्यापिका तयार होत्या. पुढच्याच वर्षापासून तिथं मदतनीस म्हणूनही घेतो म्हणाल्या. पण त्यासाठी सकाळपासून दुपारपर्यंत शाळेत हवं, म्हणजे बस नाही.

हिवाळाभर मार्लिस या दोन कोर्सांमध्ये हेलकावे खात राहिली. ब्रेडनचा कोर्स कुचकामी आहे हे पक्कं ठाऊक असूनही त्याचं पान पुन्हा उघडायची.

"अडलंय कुठं?" ऑरिननं एकदा विचारलंच.

"मी गेले तर फाटकापाशी कोण थांबेल?"

ऑरिननं फडक्याला हात पुसले, पुन्हा पुसले. "तिथं आता कुणी राहत नाही, मार्लिस."

"माहितीये मला."

तो तसाच उभा राहिला. आमच्या गावच्या मानानं हे पुष्कळ झालं.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा त्या कॉलेजच्या मुलाखतीचा दिवस आला. मार्लिसनं केस विंचरले, फोन माझ्या डॅशबोर्डला टेकवून ठेवला. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या प्राध्यापिका रीस आल्या. त्यांनी नमस्कार-चमत्कार केले आणि चष्मा सारखा केला.

"एक विनंती आहे. इथं आपण खाजगी बोलणार, तेव्हा तिसरं कुणी ऐकायला नको. तो आमच्या धंद्यातला पहिला धडा. तुमच्या मागं बसलेल्या मुलीला जरा बाहेर थांबायला सांगता का?"

मार्लिस मागे वळली नाही.

"इथं कुणी नाही, मॅडम."

रीसबाई पडद्याजवळ झुकल्या, बघत राहिल्या. "माफ करा. काचेवरचा उजेड असेल. मला वाटलं, कुणीतरी खिडकीला डोकं टेकून बसलंय."

त्यावर मार्लिस बोलायला लागली. फाटक, पायरी, चिठ्ठी, पेपरमिंटची गोळी, ते हसणं. एवढे दिवस तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. मध्येच ती रडली, हुंदके देऊन, लहान पोरासारखी. रीसबाई एका शब्दानं आड आल्या नाहीत. मी जन्मात पहिल्यांदाच कुणाला असं ऐकताना पाहिलं.

मग त्यांनी विचारलं, "आज ती पायरीवर उभी राहिली, तर काय म्हणाल?"

"म्हणेन, बस. चल शेवटपर्यंत."

"बरं. आणि शेवटपर्यंत गेल्यावर तिला उतरवाल कुठं?"

वाऱ्यानं माझं दार खडखडलं. तेव्हा कुठं मार्लिस वळली आणि आरशातून नव्हे, सरळ तिसऱ्या आसनाकडे बघितलं. काच बाहेरून कोरडी होती, आतून धुकं धरलेली. धुक्यात कपाळाएवढा एक गोल स्वच्छ होता.

"मी तिला उतरवलंच नाही," मार्लिस हळूच म्हणाली.

त्याच टेकाडावर तिनं ब्रेडनला कळवलं, की पुन्हा फोन करू नकोस. मग कॉलेजला होकार दिला.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधीची शेवटची दुपार. एकेक पोर उतरलं. शेवटच्यानं तिला मिठी मारली. ते फाटक ओलांडून आम्ही पुढं गेलो, पार रस्त्याच्या शेवटाला, जिथं जुनं धान्याचं कोठार आहे आणि पुढं नुसतं आभाळ. मार्लिसनं तिथं मला थांबवलं. खिशातून पेपरमिंटची गोळी काढली आणि तिसऱ्या आसनावर ठेवली.

"बघ, हा आपला शेवट," ती म्हणाली. "फार काही नाही. कोठार आहे आणि कबुतरं. पण तुला बघायचा होता."

बराच वेळ आम्ही तिघी कबुतरं बघत बसलो. मग तिनं मला वळवलं आणि परत आणून फाटकापाशी उभं केलं. लाल दिवे लागले, पाटी बाहेर आली, दार उघडलं. दुपारच्या फेरीला, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

समोरून एका शेतकऱ्याचा ट्रक येत होता. माझे लाल दिवे दिसले की दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी थांबायचं, हा इथला कायदा. तो थांबला. कुणी उतरताना दिसेना, तरी त्यानं हॉर्न दिला नाही. फाटकाकडे पाहिलं, मार्लिसकडे पाहिलं, आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"लिनिया," मार्लिस म्हणाली, "घर आलं, राणी. उतर सांभाळून. माझ्यासाठी बसून राहू नकोस."

आधी गादी वर आली. मग माझी पायरी दबली आणि सुटली. फाटकाजवळचं गवत एवढंसं हललं, वाऱ्यानंही हललं असेल. मार्लिसनं दार लावलं आणि स्टीअरिंगवर डोकं टेकून मनसोक्त रडून घेतलं. ट्रकवाला तोवर तसाच थांबून राहिला.

त्या संध्याकाळी तिनं बटण दाबलं आणि बझर पहिल्या दाबाला गप्प झाला.

आता मला दुसरा चालक आहे. माणूस चांगला, गिअर मात्र खाऊन टाकतो. फाटकापाशी आम्ही थांबत नाही. तिथून जाताना माझी पायरी आपोआप आक्रसते. गंज धरलाय, असं ऑरिन म्हणतो. म्हणू दे.

मार्लिस आता रोज सकाळी शाळेच्या दारात उभी राहून आम्हा बसगाड्यांची वाट बघते. तिचा अभ्यास चालू आहे, परवाना अजून लांब आहे. पंधरा दिवसांपूर्वी तिला माझ्या पाचव्या खिडकीवर एक गोल, तेलकट डाग दिसला. नव्या चालकाचं तिकडं लक्षच गेलं नव्हतं. त्या आसनावरची छोटी ग्रेटा सगळ्यांच्या शेवटी उतरली, तेव्हा मार्लिस तिच्याजवळ गेली.

"थंडी आहे नाही? माझ्या खोलीत कोको ठेवलाय. बोलायलाच पाहिजे असं काही नाही हं."

ग्रेटानं एकदा माझ्याकडे वळून बघितलं. मग तिच्यामागून आत गेली.

माझे आता फार हिवाळे उरलेले नाहीत. पुढंमागं कुणी मला विकत घेईल, माझ्यात कोंबड्या पाळील, तक्रार नाही. पण तोवर जो कुणी मला चालवेल, त्याच्याकडे एकच मागणं. संध्याकाळी बझर वाजला, की कान झाकून बटणाकडे धावू नकोस. हळू जा. एकेक आसन बघत जा. रिकामं दिसलं, तरी जरा थांबून बघ.