शिळं पान

बोर्गहिल्ड जिना चढून वर पंचायतीच्या कचेरीत आली तेव्हाच गुनव्होरने हातातलं काम बाजूला ठेवलं. खालच्या दवाखान्यातली ही सुईण एरवी काही हवं असलं तर पायरीवरूनच हाका मारायची.

"इंगुनचा रक्तदाब चढतोय," बोर्गहिल्ड म्हणाली. "इथे ठेवून चालणार नाही, शहरातल्या इस्पितळात न्यायला हवं. हेलिकॉप्टर बेटांकडे गेलंय. आणि घाट बंद."

इंगुन म्हणजे गुनव्होरच्या धाकट्या भावाची, शेटिलची बायको. पहिलंच बाळंतपण. दोन दिवस फ्योर्डवर, डोंगरांत शिरलेल्या त्या खाडीवर, असं वादळ घोंगावत होतं की घाटाचं फाटक उघडलंच नव्हतं. पण आज सकाळपासून वारा पडला होता. खिडकीतून समोरचं शिखर लख्ख दिसत होतं.

"बंद कोण म्हणतं?"

"रस्त्यांचं पान म्हणतं. इस्पितळात फोन केला, त्यांनाही तेच दिसतंय. रस्त्यांच्या कचेरीचा फोन तर लागतच नाही. अख्खा जिल्हा तिथेच फोन करत असणार."

गुनव्होरने संगणकावर पान उघडलं. स्टोरशार घाट: बंद. खाली बारीक अक्षरात तारीख होती. तिने चष्मा वर सरकवला.

"अगं, ही तर कालची आहे!"

"म्हणजे?"

"म्हणजे कुणीतरी आपल्याला शिळं वाढतंय."

पंचायतीच्या संगणकांची सगळी उस्तवार गुनव्होरकडेच होती. इथून इंटरनेटवर थेट जाता येत नसे. लाइन बारीक आणि महाग, म्हणून मध्ये प्रॉक्सी नावाचे मध्यस्थ संगणक बसवले होते. कुणी पान मागितलं की आधी पंचायतीचा प्रॉक्सी आपल्या कोठारात पाही. नसलं तर जिल्ह्याच्या प्रॉक्सीकडे मागे, आणि त्याच्याकडेही नसलं तर तो बाहेरून आणे. आणलेल्या पानाची एकेक प्रत जो तो ठेवून घेई, पुढच्या माणसासाठी. एरवी छान चाले.

तिने आपल्या प्रॉक्सीतली प्रत पुसली आणि पान पुन्हा मागवलं. बंद. तारीख कालचीच.

"आमच्याकडे नाही, मग वर आहे," ती पुटपुटली. आता तिने पान मागताना सोबत 'ठेवलेली प्रत नको, नवं आण' असा निरोपही धाडला. तरी तेच पान परत आलं, आणि उत्तराच्या माथ्यावर जिल्ह्याच्या प्रॉक्सीचं नाव: माझ्याकडे होतं, मीच दिलं.

बोर्गहिल्ड दारातच उभी होती. "किती वेळ लागेल?"

"तू रुग्णवाहिका तयार ठेव. इंगुनला आत बसव."

"घाट बंद असताना?"

"बसव गं!"

जिल्ह्याच्या प्रॉक्सीची जबाबदारी एय्लिफकडे होती. फोन उचलला तेव्हा त्याच्या तोंडात घास होता.

"गुनव्होर? परत प्रिंटर?"

"प्रिंटर खड्ड्यात गेला. तुझा प्रॉक्सी रस्त्यांचं कालचं पान वाटतोय."

"माझा प्रॉक्सी? तो तर घड्याळासारखा चाललाय."

"मग घड्याळ मागे पडलंय! मी ताजं मागितलं, तरी त्याने शिळंच दिलं."

पलीकडून चावण्याचा आवाज थांबला. "अरे देवा. ते मीच बंद केलंय. कॉलेजातली पोरं सारखी 'पुन्हा आण' दाबायची, लाइन तुंबायची. म्हणून त्याला सांगितलंय, तसला निरोप मानायचा नाही."

"पण कालचं पान अजून ताजं कसं समजतो तो?"

"ते पान किती वेळ टिकेल हे रस्तेवाल्यांनी लिहिलेलं नसणार. मग प्रॉक्सी अंदाज बांधतो. दोन दिवस जे बदललं नाही ते आणखी बराच वेळ बदलणार नाही, असं धरून चालतो."

"एय्लिफ, माझी भावजय खाली गाडीत आहे. बाळंतपण आहे, आणि इस्पितळही तुझ्याच प्रॉक्सीतून पान बघतंय."

त्याच्या आवाजातली सगळी मस्करी उतरली. "निरोप मानायचं पुन्हा चालू करतो. पण सगळं बंद करून चालू करावं लागेल, वेळ जाईल. तोवर तू असं कर... अगं, थांब! पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाक. पुढे काहीही लिही. त्याला तो नवाच पत्ता वाटेल, आणि तो थेट बाहेर जाईल."

गुनव्होरने प्रश्नचिन्ह टाकलं आणि पुढे भावाचं नाव लिहिलं. घाईत एक अक्षर चुकलंसुद्धा. चुकू दे, म्हणून तिने तसंच धाडलं. पानाने खालपर्यंत यायला जीव खाल्ला.

स्टोरशार घाट: बर्फ काढणाऱ्या गाडीमागून ताफ्याने वाहतूक सुरू. पुढचा ताफा एक वाजता फाटकावरून.

साडेबारा झाले होते. फाटक वीस मिनिटांवर.

"उघडलाय!" ती किंचाळली आणि फोन हातातच विसरून जिन्याकडे धावली. तार ताणून फोनचा डबा टेबलावरून खाली आदळला. "बोर्गहिल्ड! उघडलाय! एकचा ताफा!"

रुग्णवाहिका वळणावरून दिसेनाशी झाल्यावर तिने खालच्या दवाखान्यातल्या फोनवरून इस्पितळाला कळवलं. मग वर येऊन डबा उचलून पाहिला, तर एय्लिफ अजून लाइनवरच.

"गेली?"

"गेली."

"सुटलो," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "ते पोरांचं... आता दाबू देत हवं तेवढं."

दुपारभर तिचं कामात लक्ष लागलं नाही. अंधारून आल्यावर इस्पितळातून शेटिलचा फोन आला. तो एकदम रडायला लागला.

"अरे, बोल ना बाबा!"

"मुलगी," तो हुंदक्यातून म्हणाला. "पोट चिरून काढली. दोघी बऱ्या आहेत. ताई, तिचे कान अगदी आपल्या बाबांसारखे आहेत, बाहेर आलेले!"

"बिचारी," गुनव्होर म्हणाली आणि हसता हसता तिलाही रडू फुटलं.

पोटात सकाळपासून काही गेलं नाही हे तिला आत्ता जाणवलं. खालून बोर्गहिल्ड ओरडत होती की वाफल केलेत, वर तपकिरी चीज आहे, गरम आहेत तोवर ये. गुनव्होरने डोळे पुसले, दिवा मालवला आणि ती खाली निघाली.