सत्तरला ऐंशी

"खरं सांग दिपेश, धुण्याच्या पावडरीत भिजवलं होतंत ना हे?"

हेमाताईंनी दारातच कव्हरचा कोपरा हातात घेऊन चुरगाळला. दिपेश ओशाळून हसला. तो सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचा मेकॅनिक, राहणारा कल्याणपलीकडे उल्हास नदीच्या काठावरच्या गावात, आणि हे कव्हर होतं गावाने पुरासाठी घेतलेल्या होडीचं.

"पोरांनी भिजवला, काकी. दोन पाकिटं टाकली. मंग ब्लीच पन. काले डाग जायनात ना."

"म्हणजे पाणी अडवणारं जे काही कापडावर होतं, ते सगळं धुऊन टाकलंत. उरली नुसती चादर."

त्या चादरीने गेल्या पावसाळ्यात इंगा दाखवला होता. होडी देवळापाशी उघड्यावर उभी, कव्हर गळून आतून काठोकाठ भरलेली. नदी गावात शिरली तेव्हा आधी होडीतलंच पाणी बादल्यांनी उपसत बसावं लागलं. तेवढा पाऊण तास दिपेशची आजी, रंगूबाई, पत्र्याखालच्या माळ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. वाचली म्हातारी, पण तेव्हापासून आभाळ भरून आलं की ती आधी माळ्याची शिडी जागेवर आहे का ते बघते.

"गावातले मंडळवाले बोलतात फेकून दे, निली ताडपत्री मारू. मी बोल्लो, थांबा, आमच्या पंपावरच्या काकी कापडाच्या कंपनीत होत्या."

होत्या खऱ्या. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं, लॅब असिस्टंट म्हणून. काम एकच. छत्रीच्या, रेनकोटच्या, तंबूच्या कापडावर पाणी ओतायचं आणि ते किती भिजलं ते सांगायचं. त्यांचे यजमान सुधीरराव लग्नकार्यात हमखास म्हणायचे, "आमच्या हिला पाणी ओतायचा पगार मिळतो." लोक हसायचे. हेमाताईही हसायच्या, पण दर वेळी त्यांना ते कुठेतरी लागायचंच.

"ताडपत्रीखाली वाफ धरते, होडी कुजेल," त्या म्हणाल्या. "ठेव इथे. शनिवारी ये."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी अठरा फुटी कव्हर गच्चीवर पसरलं. आधी मऊ ब्रशने कोरडी माती झटकली. मग रिठे उकळून गार केलेलं पाणी चोळलं, काळ्या बुरशीवर पांढरं व्हिनेगर लावून वाट बघितली. डाग सगळे गेले नाहीत, पण कापड कापडासारखं दिसायला लागलं. नळाला पाणी येणार सकाळी तासभर, त्यामुळे बादल्या चढवता चढवता सुधीरराव वैतागले.

"अगं, माणसांना आंघोळीची मारामार आणि तू होडीला न्हाऊ घालतेस!"

"होडीला नाही, तिच्या कपड्याला. अजून दोन आणा."

गुरुवारी मात्र घाई नडली. पाणी गेलं म्हणून शेवटचं खळबळणं राहिलं, आणि त्यांनी तसंच वाळवून वर पाणी अडवणारं औषध ब्रशने लावलं. सुकल्यावर तपासायला घेतलं. भरतकामाच्या रिंगीत कापड ताणलं, नातीच्या कंपासपेटीतला गुण्या लावून पाट तिरका टेकवला, त्यावर रिंग ठेवली आणि झारीने मोजून पाव लिटर पाणी सोडलं. थेंब घरंगळून जायला हवे होते, ते कापडात मुरले.

पन्नास. शंभर म्हणजे कोरडं ठणठणीत, ऐंशी म्हणजे पास, सत्तरपासून खाली नापास. पन्नास म्हणजे लाज.

फेस राहिला की औषध धरत नाही, हे कारखान्यात नव्या मुलींना त्यांनी किती वेळा बजावलं असेल! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. इथे तर पाषाणही भिजला होता. हेमाताईंना रडू आलं ते रागाचं. त्यांनी डोळे पुसले आणि शुक्रवारी सकाळी पाणी येताच कव्हर पुन्हा पसरून पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेस आठ वेळा खळबळलं, मगच वाळवून औषध लावलं. सुधीरराव बादल्या मोजत वर चढवत राहिले.

शनिवारी दुपारी दिपेश टेम्पो घेऊन आला. खालून हॉर्न वाजत होता. संध्याकाळी मंडळाची बैठक, आणि सोमवारपासून जोराचा पाऊस सांगितलेला.

हेमाताई शेवटची तपासणी करत होत्या. कव्हरच्या पाठीवर नव्वद आलं. पुढच्या टोकाला नव्वद. डाव्या शिलाईला ऐंशी. उजव्या शिलाईवर मात्र पाणी क्षणभर थबकलं आणि मग दोऱ्यादोऱ्याने आत शिरलं.

"सत्तर," हेमाताई म्हणाल्या.

"बस की, काकी! येवढासा तर भिजला. एक चिठ्ठी द्या, पास बोलून. नायतर ताडपत्री आणतील ते."

"बाकी सगळं उत्तम झालंय," सुधीररावही म्हणाले. "दे लिहून. एवढी मरमर केलीस."

हॉर्न पुन्हा वाजला, आणि हेमाताईंना कारखान्याचं फाटक आठवलं. तिथे असाच ट्रक उभा असायचा. त्या सत्तर सांगायच्या, केमिस्ट साहेब ऐंशी लिहायचे आणि खाली सही ठोकायचे. ट्रक जायचा. तो रेनकोट कुणाच्या अंगावर गळला असेल, याचा हेमाताई रात्रीच्या जेवणापर्यंत विचार करायच्या, मग सोडून द्यायच्या. सही आपली नाही, मग पापही आपलं नाही, अशी मनाची समजूत घालत एकतीस वर्षं गेली होती.

"रंगूबाई पुन्हा माळ्यावर चढल्या, तर त्यांना ऐंशी सांगू का मी?" त्यांनी विचारलं.



त्यांनी वहीचं पान फाडलं आणि लिहिलं: 'कव्हर वापरण्याजोगे. उजवी शिलाई सत्तर, नापास. मेण भरून पुन्हा तपासायची आहे.' खाली तारीख घातली. सहीच्या जागी त्यांनी आपलं संपूर्ण नावच लिहिलं, शाळेत गिरवल्यासारखं स्वच्छ.

"हे मंडळाला दाखव. आणि अहो, घरात असतील नसतील त्या मेणबत्त्या आणा. मेण वितळवायला इस्त्रीही आणा."

"काकी, टेम्पोवाला बोंबलतोय..."

"त्याला सांग, थांब म्हणावं. शिलाई अठरा फूट आहे."

दिपेश कठड्यावरून वाकून ओरडला. हॉर्न आणखी एकदा वाजला, लांबलचक. हेमाताईंनी पदर खोचला, गच्चीवर मांडी घातली आणि शिलाईच्या टोकापासून मेणबत्ती घासायला घेतली. निम्म्यावर आल्या तेव्हा खाली टेम्पोचं इंजिन बंद झालं.