उसना मारोती

"काकू, त्याले दाबू नका. अंडं धरल्यावानी हलकं धरा," कॅफेवाला गजेंद्र म्हणाला.

जयवंताबाईंनी माउसवरचा हात उचलून पदराला पुसला आणि पुन्हा ठेवला. पडद्यावरचा बाण सरकत सरकत एका कोपऱ्यात जाऊन बसला. पुलगावच्या त्या सायबर कॅफेत बाकी सगळी कॉलेजची पोरं. बांगड्यांच्या दुकानातली बाई इथं कशी, म्हणून दोघातिघांनी वळून पाहिलं.

जयवंताबाई आपल्या मुलाचा, अंकितचा क्लब सांभाळायला आल्या होत्या.

२००७ ची गोष्ट. अंकित इंजिनिअर होऊन बंगलोरला नोकरीला लागला होता. सुरुवातीचं ट्रेनिंग दिवाळीपर्यंत चालणार होतं आणि तिथल्या कॉम्प्युटरवर खेळ बंद होते. इंटरनेटवर फुटबॉलचा एक खेळ होता. त्यात प्रत्येकानं आपला क्लब चालवायचा, खेळाडू घ्यायचे, त्यांना पगार द्यायचे, तिकिटं लावायची. रविवारचा सामना कॉम्प्युटरच खेळवायचा. कॉलेजात असताना अंकितनं 'धाम युनायटेड' नावाचा क्लब उभा केला आणि खेळातल्या बँकेचं भलंमोठं कर्ज काढून ठेवलं. ते आणखी वाढलं, की बँक क्लबच मोडून टाकणार होती.

"आई, फक्त मोडू देऊ नको," तो फोनवर म्हणाला होता. "गजूदादा सांगते सगळं. अन् मारोतीले इकू नको."

मारोती म्हणजे मार्को नावाचा गोल मारणारा खेळाडू. कर्ज त्याच्यासाठीच काढलेलं. आदल्या दिवाळीत अंकितच्या शेजारी याच कॅफेत बसून त्याच्या वडिलांनी, अण्णाजींनी तो निवडला होता. फुटबॉलमधलं त्यांना काही कळत नव्हतं. "हा मारोती घे, नाव चांगलं हाये," म्हणाले, आणि पुढं घरीदारी सगळ्यांना मारोतीचे गोल सांगत सुटले. संक्रांतीनंतर अण्णाजी अचानक गेले.

घरात बोलणारे तेच होते. आई आणि मुलाचं जे काही बोलणं व्हायचं, ते त्यांच्यामार्फत. ते गेल्यावर फोन "जेवला काय?", "हो", "बरं" इथंच संपायचा. त्यामुळे अंकितनं काहीतरी मागितलं, याचाच जयवंताबाईंना इतका आनंद झाला, की काय मागितलं ते त्यांनी नीट ऐकलंही नव्हतं.

बँकेचं व्याज भरायला पैसे कमी पडतात हे कळल्यावर त्यांनी पहिल्याच आठवड्यात तिकिटाचा दर दुप्पट केला. गजेंद्र नको म्हणत होता. रविवारी स्टेडियम जवळजवळ रिकामं राहिलं. रात्री त्यांनी घाबरतच अंकितला सांगितलं.

"मी तिकीट वाढवलं रे. कोनी पाह्यलेच नाई आलं."

"किती वाढवलं?"

"डबल."

पलीकडे अंकित हसायला लागला. "आई, दुकानात बांगड्या डबल भावानं इकते काय तू?"

"गजू पन तेच म्हने."

अण्णाजी गेल्यापासून त्याचं हसणं त्यांनी ऐकलं नव्हतं. फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ त्याच खुर्चीवर बसून राहिल्या.

तिकीट पुन्हा खाली आणलं, तरी कर्ज चढतच होतं. मारोतीचा पगारच फार होता. क्लब बुडायला आला हे दिसल्यावर जगभरातल्या खेळणाऱ्यांकडून मारोतीसाठी मागण्या आल्या, सगळ्या पडेल भावाच्या.

"इकून टाका, काकू," गजेंद्र म्हणाला. "थोडंफार तरी फिटंल."

"नाई. पोराले शब्द देल्ला हाये."

दुसऱ्या दिवशी पोलंडहून टोमाश नावाच्या एकाचा निरोप आला. गजेंद्रनं वाचून सांगितला. माझा क्लब लहान आहे, विकत घेण्याइतके पैसे नाहीत. पण एका हंगामासाठी उसना द्या, त्याचा सगळा पगार मी देईन आणि वर भाडंही.

"उसना देता येते?"

"येते म्हनते. खेळात सोय हाये तशी."

जयवंताबाईंनी विचार केला. मग म्हणाल्या, "त्याले लिही, हा आमच्या घरचा मानूस हाये. याच्या पायाले जपजो म्हना."

गजेंद्रनं जमेल तसं इंग्रजीत लिहिलं. उत्तर आलं, की इथंही तो घरच्यासारखाच राहील.

अंकितला कळल्यावर तो एवढंच म्हणाला, "बरं केलं, आई. इकला असता तर..."

त्यानंतर टोमाश दर सामन्यानंतर दोन ओळी लिहायचा. मारोतीनं आज गोल केला. आज थोडा लंगडला, पण बरा आहे. ते सांगायला जयवंताबाई फोन करायच्या आणि गोलावरून गोष्ट मेसच्या भातावर जायची, खोलीतल्या मद्रासी मुलाच्या घोरण्यावर जायची, दुकानातल्या नव्या मालावर यायची. कर्ज हळूहळू उतरत होतं. गजेंद्रनं तासाचे पैसे घेणं बंद केलं होतं. जयवंताबाईंनी त्याच्या बायकोला दुकानात बोलावून हिरव्या बांगड्या भरल्या. टोमाशला काय द्यावं हे मात्र त्यांना सुचेना.

दिवाळीला अंकित आला, तेव्हा हंगाम संपत आला होता. दोघं कॅफेत गेली. टोमाशचा निरोप येऊन पडला होता. आता त्याच्याकडे पैसे जमले होते. त्याला मारोती कायमचा हवा होता आणि तो योग्य भाव देत होता. तेवढ्या पैशात उरलेलं कर्ज फिटत होतं. विकायचा नसेल तर पुढच्या आठवड्यात मारोती परत येईल, आणि तुमचे आभार, असंही त्यानं लिहिलं होतं.

अंकितनं माउस धरला, पण दाबला नाही.

"बाबानं घेतला होता, आई."

"हो."

"मंग?"

जयवंताबाईंनी पडद्याकडे पाहिलं. "तिथं त्याचं चांगलं चालून राह्यलं, बेटा. तिथले लोक मानतेत त्याले. आपल्यासाठी काऊन वापस आनायचा?"

अंकितनं मान हलवली. त्यानं होकार दाबला. कर्जाच्या जागी शून्य आलं.

"मानसाले धन्यवाद लिही," जयवंताबाई म्हणाल्या. "चांगला लंबा लिही."

त्यानं खरंच लांबलचक लिहिलं. त्या शेजारी बसून राहिल्या.

बाहेर पडल्यावर रस्त्यात पोरांचे फटाके चालले होते. अंकितनं आईला हात धरून पलीकडे नेलं. उद्या त्याची परतीची गाडी होती. थोडं चालून गेल्यावर त्यानं विचारलं, "आई, त्या दिवशी बाबा काय बोलून राह्यले होते? शेवटी?"

आजवर त्यानं ते विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं.

"दुकानात नाचनगावची एक पोरगी आलती," त्या म्हणाल्या. "लगनाच्या बांगड्या पाहिजे होत्या तिले. रंग पसंत पडेना. तुह्ये बाबा तिले हसवून राह्यले होते. म्हने..."

त्या सांगत राहिल्या आणि तो मध्ये मध्ये विचारत राहिला. घराचं फाटक आलं, तरी दोघं थांबली नाहीत. तशीच बोलत पुढं नाचणगावच्या रस्त्याला लागली.