ठणका थांबला

"उद्या-परवाचं नका सांगू ताई, आजच बसवा हिला," मुलीची आई टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाली.

टेबलापलीकडे ती हातमोजे काढत उभी होती. दातांच्या त्या दवाखान्यात मॅडमच्या हाताखाली ती कित्येक वर्षं काम करत होती, त्यामुळे मुलीकडे एकदा पाहताच तिला काय ते कळलं. उजवा गाल टम्म फुगलेला, तोंड जेमतेम बोटभर उघडतंय, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचंही भान नाही. वय असेल एकोणीस-वीस.

"आधी का नाही आणलीत?"

"म्हटलं अक्कलदाढ आहे, येताना छळणारच. गोळी दिली की थांबायचं हो."

हे वाक्य तिनं इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यावरचं उत्तर तोंडपाठ होतं. गोळीनं दुखणं झाकलं जातं, आतला पू कुठं जात नाही. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही, उलट तेव्हाच दाखवायला यायचं. मॅडमचं हे म्हणणं ती रोज फोनवर लोकांना ऐकवायची, आणि लोक हो हो म्हणून पुन्हा गोळीच घ्यायचे.

अडचण अशी होती की दाढ कापून काढायचं काम मॅडम आठवड्यातून एकाच दुपारी करायच्या. ती दुपार आजचीच. पण त्यातली शेवटची वेळही भरली होती आणि ती घेतली होती तिच्या स्वतःच्या नवऱ्यासाठी. ती मिळवायला मॅडमना फारसं विचारावं लागलं नव्हतं. नवऱ्याला तयार करताना मात्र तिच्या नाकीनऊ आले होते.

नवरा भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचा. बाजारात त्याला भोंगा म्हणत. पहाटे त्यानं पहिली बोली पुकारली की मागच्या गाळ्यातला डुलक्या घेणारा हमालही उठून बसे. खालची अक्कलदाढ गेले तीन महिने त्याला अधूनमधून सतावत होती. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, लवंगेचं तेल झालं, तिनंच दवाखान्यातून आणलेल्या गोळ्याही झाल्या. दाढ काढायचा विषय निघाला की तो म्हणायचा, "भर हंगामात जबडा आखडला तर पुकारणार कोण? आठ दिवस दुसरा कुणी उभा राहिला की माझी जागा गेलीच समज." वर पुन्हा थट्टा. "आणि इतक्या वर्षांनी अक्कल येतेय तर येऊ दे की." मागच्या आठवड्यात मात्र तो उशीत तोंड खुपसून कण्हला, तेव्हा कुठे कबूल झाला.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. तिनं तो खांदा आणि कान यांच्यात धरला. पलीकडे बाजाराचा कल्ला होता.

"अगं, थांबलं की दुखायचं," नवरा म्हणाला. आवाजात आनंद मावत नव्हता. "सकाळपासून ठणका नाही. एकदम गेला."

"म्हणून काय झालं? दुपारी यायचंय तुम्हाला."

"कशाला उगाच? आज गाड्यांची रांग लागलीय. दे की कुणाला तरी माझी अपॉइंटमेंट."

"मॅडम काय म्हणतात ते ठाऊक आहे ना? थांबलं की तेव्हाच—"

"तुझ्या मॅडमचं पोटच त्यावर चालतं बाई. पुढच्या वेळी येतो. अगदी शब्द."

तिला हसू आलं. समोर मुलगी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती आणि तिची आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. त्याला फरफटत कोण आणणार, आणि आणला तरी पुढचे आठ दिवस त्याची कुरकुर कोण ऐकणार, असाही एक विचार तिच्या मनात येऊन गेला. तीन महिने मागे लागून ती कंटाळली होती. खरं सांगायचं तर फोन ठेवताना तिला सुटल्यासारखंच वाटलं.

"दुपारी चार वाजता घेऊन या हिला," ती मुलीच्या आईला म्हणाली.

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या नुसत्या हात जोडून उभ्या राहिल्या.

चार वाजता खुर्चीत भलतंच कुणी पाहून मॅडमनी भुवया उंचावल्या आणि तिला बाजूच्या खोलीत नेऊन विचारलं, "तुझा नवरा कुठाय?"

"त्यांचं दुखायचं थांबलंय, मॅडम."

मॅडमनी हातमोजे चढवता चढवता तिच्याकडे पाहिलं. "थांबलंय? उद्या नुसतं दाखवायला तरी आण," त्या म्हणाल्या आणि खुर्चीतल्या मुलीकडे गेल्या. दाढ आडवी होती. पू निघाला, तुकडे करून दाढ निघाली, टाके पडले. ती दोन्ही हातांनी मुलीचं डोकं धरून उभी होती, आणि काम फार चांगलं झालं म्हणून मनातून खूश होती.

त्या संध्याकाळी नवरा कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला. दोन्ही बाजूंनी चावून दाखवलं. "बघ, तुझ्या मॅडमशिवाय झालं," म्हणाला. त्याला असा जेवताना पाहून तिलाही बरं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी दाखवायला न्यायचं राहूनच गेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. जे दवाखान्यात दिवसभर दुसऱ्याला बजावायचं, ते उंबऱ्याच्या आत आलं की आपल्या माणसाला लागू होत नाही असं वाटतं.

त्याच आठवड्यात शनिवारी तो बाजारातून लवकर परतला. तोंडात गरम घास धरून बोलावं तसा त्याचा आवाज येत होता.

"हसले सगळे," तो म्हणाला. "भोंगा बसला म्हणाले."

थुंकी गिळता येत नव्हती, ती रुमालात टिपत होता. तिनं त्याची हनुवटी वर केली आणि जबड्याखाली हात लावला. तिथली जागा लाकडासारखी कडक लागली, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. दाढ दुखायची थांबली होती, कारण कोंडलेल्या पूला खाली गळ्याकडे वाट मिळाली होती. हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

मोठ्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरनं त्याला पाहताक्षणी आत नेलं. मग बाहेर येऊन भराभर विचारायला लागला.

"किती दिवस अंगावर काढलंत?"

"तीन महिने."

"दाताच्या डॉक्टरला दाखवायचं सुचलं नाही कुणाला?"

तिनं त्याचा भिजलेला रुमाल मुठीत घेतला.

"तुम्ही काय करता?"

"दवाखान्यात आहे."

"कसल्या?"

"दातांच्या," ती म्हणाली.

डॉक्टर तसाच आत वळला. आधी श्वासासाठी गळ्याला भोक पाडलं, मग मान दोन्ही बाजूंनी उघडली. पू छातीपर्यंत उतरला होता. सगळ्या बाजारावर आवाज चढवणारा तिचा माणूस नळ्या लावून मुका पडून राहिला. ती उशाशी बसून त्याचा हात धरायची आणि तो बोटं दाबायचा. मग बोटं दाबायचाही थांबला. पुढचा शनिवार त्यानं पाहिला नाही.

ती कामावर परतली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "त्या दिवशी मीच हट्ट धरायला हवा होता." ती चिमटे उकळत्या पाण्यातून काढत होती, ते काढत राहिली. फोन वाजायचे, लोक गोळीचं नाव विचारायचे, आणि ती पूर्वीचंच सगळं सांगायची. फक्त आता ते सांगताना तिचा आवाज कोरडा झाला होता, आणि काही जण मॅडमकडे तक्रारही करून गेले.

मग एका दुपारी ती मुलगी आणि तिची आई दारात उभ्या. मुलीचा चेहरा भरला होता, गालावर खूणही नव्हती. आईच्या हातात फळांची पिशवी होती.

"मागे टाके काढायला आलो तेव्हा तुम्ही नव्हता ताई. आजारी होता का?"

"घरी अडचण होती."

"तुमचे उपकार आहेत बघा. मॅडम म्हणाल्या, आणखी दोन-चार दिवस गेले असते तर गळ्यात उतरलं असतं." बाईंनी पिशवी टेबलावर ठेवली. "आता डावीकडची दाढ दुखत होती म्हणून आजची वेळ घेतली होती. पण परवापासून थांबलंय दुखायचं. म्हणून म्हटलं, आजची वेळ दुसऱ्या कुणा नडलेल्याला द्या. त्या दिवशी कुणीतरी आमच्यासाठी सोडलीच की. आपणही तेवढं करावं."

तिनं पिशवी उचलून बाजूला ठेवली.

"ही वेळ मी कुणाला देणार नाही," ती म्हणाली.

"अहो, पण दुखतच नाही तर—"

"तिला आत पाठवा."

"हे काय बोलणं झालं? चांगलं सांगतेय तर."

"आत पाठवा तिला," ती म्हणाली आणि स्वतःच येऊन मुलीच्या दंडाला धरलं. बाईंचा चेहरा पडला. इतकं कडू बोलायला काय झालं हिला, असं त्या पुटपुटल्या, पण आडव्या आल्या नाहीत.

आत तिनं मुलीला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कागदी रुमाल बांधला, दिवा खाली ओढला. मुलगी वर बघत पडली होती.

"ताई, त्या दिवशी तुम्ही फोनवर कुणाला तरी विचारून मला वेळ दिलीत ना? आई अजून म्हणते, त्या माणसाला भेटायला हवं. कोण होतं ते?"

रुमालाची गाठ तिनं सोडली आणि पुन्हा बांधली.

"कुणी नाही. रिकामीच होती ती वेळ," ती म्हणाली आणि मॅडमना बोलवायला बाहेर गेली.