चोवीस शब्दांची डबी

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे. अंगठ्याएवढी, काळी, दोन बटणांची, आणि वर नखाएवढा पडदा. सर्वेश मला हार्डवेअर वॉलेट म्हणतो आणि त्याची आई सुगंधाबाई मला डबी म्हणते. मला आईचंच नाव आवडतं. नसते थाट हवेत कशाला?

जन्म माझा परदेशातल्या कारखान्यातला, पण आयुष्य गेलं दिंडोशीला, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. सर्वेश घरी बसून बाहेरच्या देशांतल्या गेम कंपन्यांसाठी चित्रं काढतो. त्याची कमाई क्रिप्टो नाण्यांत येते. ती नाणी माझ्या पोटात नसतात हं. ती असतात इंटरनेटवर, माझ्याकडे फक्त किल्ली. माझी दोन्ही बटणं एकदम दाबून होकार दिल्याशिवाय काही होत नाही. मी मोडले किंवा हरवले तर चोवीस इंग्रजी शब्दांवरून तीच किल्ली दुसऱ्या डबीत पुन्हा करता येते. म्हणून ते शब्द ज्याला कळले, नाणी त्याची.

शब्द कागदावर ठेवायचे तर आमचा मजला सगळ्यात वरचा, छत गळकं. तेव्हा सुगंधाबाई म्हणाल्या, "माझ्याकडे दे. भजनी मंडळात मी कधी एक ओळ विसरलेय का रे?" इंग्रजीचा गंध नाही, पण त्यांनी त्या शब्दांना गावाकडच्या भजनाची चाल लावली आणि पाठ करून टाकले. रोज दिवा लावून झाला की दाराला कडी घालून हळू आवाजात म्हणायच्या. कुठले शब्द ते मी अजूनही सांगणार नाही. ऐकताना मला मात्र फार बरं वाटायचं. नाणी साठत होती ती त्यांच्याच गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. मंडळात जायचं तर चार मजले उतरायचे, तेही बंद झालं होतं.

एकदा सर्वेश आंघोळीला गेलेला असताना त्याच्या फोनवर कुणा भामट्याचा फोन आला. वॉलेट कंपनीतून बोलतोय, खातं बंद पडेल, शब्द सांगा. सुगंधाबाईंनी त्याला तिथेच झाडलं. "मेल्या, तुका शब्द मिळूचे नाय." पुढे कितीतरी दिवस घरात तेच कौतुक चाललं होतं. मीही निर्धास्त झाले.

मग सर्वेशला एक निरोप आला. जुन्या ग्राहकांना फुकट नाणी, खालच्या लिंकवर जा. साइट हुबेहूब त्याच्या नेहमीच्या साइटसारखी, पत्त्यात एका अक्षराचा फरक. त्याने मला कॉम्प्युटरला जोडलं. माझ्या पडद्यावर आलं की या अनोळखी पत्त्याला तुमची सगळी नाणी, आजची आणि पुढे येतील तीसुद्धा, कधीही उचलायची परवानगी द्यायची का? एवढासा पडदा, मजकूर तुकड्यातुकड्यांनी यायचा. सर्वेश कानाला फोन लावून कामाचं बोलत होता. न वाचताच तो पुढे पुढे गेला आणि दोन्ही बटणं दाबली.

"शब्द विचारले नाहीत ना?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"नाही गं आई. शब्द मागितले असते तर मी पळालोच असतो."

त्या दिवशी काहीच झालं नाही. चोरांना घाई नव्हती. मला खणात ठेवलं, महिने गेले, नाणी साठली, ऑपरेशनची तारीख ठरली. आणि एका सकाळी सगळं साफ झालं. मला कुणी हातही लावला नव्हता. परवानगी एकदा दिलेली होती, ती काढून घ्यायचं कुणाच्या मनातच आलं नाही.

सुगंधाबाईंचा चेहरा मी विसरत नाही. त्या म्हणाल्या, "माझ्या तोंडूनच गेला असेल शब्द. झोपेत बडबडले असेन. भिंतीपलीकडे कुणी ऐकलं असेल."

सर्वेशने त्यांच्यासमोर बसून सगळं खरं सांगितलं. तो निरोप दाखवला, परवानगी दाखवली. म्हणाला, "आई, बोट माझं होतं. तुझा काही दोष नाही."

त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "माझं मन राखायला सांगतोयस तू हे. मला काय कळत नाही? शब्द न देता पैसे जातात होय कुठे?"

तेव्हापासून त्या दिवा लावतात आणि गप्प बसतात. भजनसुद्धा म्हणत नाहीत. तोंडाची भीती वाटते, म्हणतात.

मित्रांनो, बटण दाबण्याआधी पडद्यावरचं शेवटपर्यंत वाचा. फुकटाच्या लिंकवर जाऊ नका. दिलेल्या परवानग्या अधूनमधून उघडून बघा आणि नकोत त्या काढून टाका. नुसते शब्द राखून भागत नाही.

आणि कधी दिंडोशीला आलात, तर तेवढे चार मजले चढून या. सुगंधाबाईंना सांगा की बाई, तुमचा एकही शब्द सुटला नव्हता. पोराचं त्या ऐकत नाहीत, आणि मला बोलता येत नाही.