सगळ्यांना एकच स्क्रीम

बाबांना ऐकू येत नाही. पडद्याखालच्या इंग्रजी ओळी वाचत ते सिनेमा बघतात, आणि त्या ओळी लिहायचं काम त्यांच्याच लेकीचं. तिचा मागचा सिनेमा पाहून त्यांनी हातांनी विचारलं, ही बाई एवढी भेदरट का गं? लेक चाटच पडली. ती बाई तर गुंडांना अंगावर घेणारी होती. पण स्टुडिओत एक बटण दाबलं की ओळीत 'स्क्रीम', म्हणजे भीतीने किंचाळणं, उमटायचं. बाई हाक मारो, दटावो की भांडो, बटण तेच. वेळ वाचायचा ना! बाबांपुरती ती वाघीण पहिल्यापासून शेवटपर्यंत थरथरत राहिली.

नव्या सिनेमाला तिने त्या बटणाला हातच लावला नाही, प्रत्येक ओरडण्याला वेगळा शब्द लिहिला. स्टुडिओचे सर खवळले. ओरडणं ते ओरडणं, लोक काय मांडीवर शब्दकोश घेऊन बसतात? संध्याकाळच्या आत सगळीकडे स्क्रीम कर, नाहीतर हे काम दुसरीला देतो.

तिने हेडफोन काढला आणि दार सताड उघडलं. "ऐका, सर."

आधी शाउट. "दोन चहा!" तिचा खणखणीत आवाज जिन्याखाली गेला, खालून चहावाल्याने हो म्हटलं. मग येल. मान ताणून, राग ओकत, "तुला शेवटचं सांगतेय!" शेजारच्या खोलीत कुणीतरी गुपचूप दार लावून घेतलं. मग श्रीक, अंगावर पाल पडल्यासारखा, सुईएवढा बारीक. कुणीतरी फिदीफिदी हसलं. शेवटी स्क्रीम. शब्द नाही, राग नाही, पोटातून निघालेली नुसती भीती. खुर्च्या धडाधड सरकल्या. पहारेकरी काठी घेऊन, धापा टाकत दारात.

"कोण मेलं?"

"कुणी नाही, काका. सरांना फरक दाखवत होते."

सर हट्टी खरे, पण त्यांचा कान तयार होता. पहारेकऱ्याची अजून उगारलेली काठी त्यांनी हाताने खाली केली. मग म्हणाले, शेवटचा प्रसंग लाव. घरमालक सामान बाहेर फेकतोय आणि बाई दारात आडवी उभी: एक भांडं हलवून दाखव! सरांनी ते दोनदा ऐकलं.

"येल," ते पुटपुटले. "ही कशाला घाबरतेय? हीच घाबरवतेय त्याला."

ते बटण त्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकलं.

"आता मागचा सिनेमाही परत मागवा," ती म्हणाली. "तो मीच दुरुस्त करणार." आणि उत्तराची वाट न बघता तिने हेडफोन कानांवर चढवला.